झूल टाकल्यावर

१ सप्टेंबर, सोमवार

मिळालं! सहा खोगिरांचं काम मिळालं, आणि ते मला मिळालं!

खरं लिहायचं तर ते अब्बांना मिळालं आणि अब्बांनी मला दिलं. रोहिदासकाका सकाळी टेंपो घेऊन आले. माथेरानला त्यांची घोडी आहे, गुलछडी. दस्तुरी नाक्यावरच्या घोडेवाल्यांत त्यांचा शब्द चालतो. सहा जुनी खोगिरं त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत आणून टाकली. आतले लाकडी सांगाडे तेच ठेवायचे. चामडं, गादी, पट्टे, सगळं नवं करायचं. दसऱ्याला घोडे सजतात, तेव्हा ही सहाही पाठीवर हवीत. काम पटलं तर बाकीच्या घोड्यांची खोगिरंही आमच्याकडे येतील. नाही पटलं तर सगळे मिळून बाहेरून तयार मागवतील.

अब्बांनी उजवा हात पुढे केला. "रोहिदास, हा हात बकरी ईदपासून दाभण धरत नाय. शिवणार ती नमिरा."

रोहिदासकाकांनी मला नखशिखांत पाहिलं. "ही? हिला गुलछडीचा फ्रॉक शिवाया सांग. गुलाबी, झालरीचा."

"घोडीचं माप घेऊन ये," अब्बा म्हणाले. "फ्रॉकपण शिवेल. पण खोगीर शिवलं तर तंग तुटायचा नाय."

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. तो तुटला की खोगीर घसरतं आणि वरचं माणूस खाली. अब्बांनी असं बोलून टाकायला नको होतं. आणि बोलले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी चहात साखर दोनदा घातली.

झुहेबभाईने ही खोली मोबाईल दुरुस्तीवाल्याला दाखवून ठेवली आहे. भाई खालापूरजवळ कारखान्यात आहे. अब्बांचा हात गेला म्हणजे दुकान गेलं, असं त्याचं म्हणणं. वाईट नाही तो, त्याला रिकामी खोली बघवत नाही. अब्बा त्याला म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांब.

म्हणजे दसऱ्याला सहा खोगिरं चढली तर ही खोली माझी. नाहीतर काचेचं कपाट आणि चार्जर.

मला ही खोली हवी आहे. हे मी कुणाजवळ कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

३ सप्टेंबर, बुधवार

चामडं बेतलं. कात्री लावण्याआधी खडूच्या रेघा इतक्या वेळा पुसून काढल्या की खडू संपला. अब्बा दारात बसून होते. त्यांची एकच अट आहे. "काम तुझ्या हाताने कर. पण दिवस आवरायचा तो माझ्या रीतीनं."

ती रीत मी जन्मापासून पाहते आहे. दाभण पुसून मेणाच्या गोळ्यात खोचायचं. डोळे मिटून कामावरून तळहात फिरवायचा. त्यावर जुनी झूल टाकायची, अगदी टाका अर्धा राहिला असला तरी. आणि म्हणायचं, "घोड्याचं घोड्याला, आपलं आपल्याला." मग दिवा बंद. लहानपणी मला ती एखादी दुवा वाटायची.

फुफीचंही, म्हणजे अब्बांच्या थोरल्या बहिणीचंही, तसंच होतं. मला दमा होता म्हणून तिसरीपर्यंत शाळा घरीच झाली. खतीजाफुफीने इथेच, चामड्याच्या वासात, मला अक्षरं आणि पाढे शिकवले. संध्याकाळी मगरिबची अजान झाली की गणित कुठेही असो, ती पाटी पुसून टाकायची. मी रडायचे. "फुफी, उत्तर ताडून बघायचं राहिलं!" ती म्हणायची, "पाटीला झोप लागली गं. तू पण ऊठ."

आज पहिल्यांदा झूल मी टाकली. म्हणताना आवाज चिरकला. अब्बा गंभीरपणे मान हलवून मशिदीकडे गेले, पण गल्लीच्या वळणावर ते शीळ घालत होते. फुफी म्हणते तो शेजारचा पोपट होता.

६ सप्टेंबर, शनिवार

बाहेर गणपती चालले आहेत, ढोलांनी भिंत थरथरते आणि मी त्या तालावर टाके घालते आहे! एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन दाभणं. आरीने भोक पाडायचं, एक दाभण इकडून घालायचं, दुसरं तिकडून, त्याच भोकातून. मग दोन्ही हात पसरून ओढायचं, पोहताना पसरतात तसे. मेण लावलेला दोरा चामड्यात शिरताना एक बारीक आवाज होतो. तो आवाज आला की मला हसू येतं. पहिल्या खोगिराची बैठक आज चढली. सुरेख दिसते. (एका कोपऱ्यात किंचित चुणी आहे. बहुतेक कुणाला दिसणार नाही. मला दिसते.)

फुफीला गोधडीची सुई ओवता येत नव्हती. अब्बा जाता जाता थांबले, सुई घेतली आणि एका दमात ओवून दिली, उजव्याच हाताने. मी ओरडले, "अब्बा, ताण द्यायचा नाही ना!" त्यांनी दचकून मनगट धरलं. आता संध्याकाळी मी तेल चोळून देणार आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण नाही लिहिली तर ही दैनंदिनी कशाला?

आज मी झूल परत उचलली.

सगळं रीतसर केलं होतं. अब्बा नमाजला गेले, फुफी स्वयंपाकघरात. मी भांडी पुसत होते आणि डोक्यात एकच, तंगाच्या पट्ट्याचा तिसरा का चौथा टाका तिरका गेला आहे. गेला आहे की नाही? पट्टा तुटला तर? बघूनच येते म्हणून आले. टाका तिरका होताच, अगदी केसाएवढा. उसवला. जुन्या भोकात दोरा ढिला बसत होता, म्हणून जुन्या भोकांच्या मधे नवी भोकं पाडून परत शिवला. सरळ आला. अब्बा यायच्या आत झूल टाकली, म्हणायचं तेही परत म्हटलं.

चोरी नाही ही. काम चांगलंच झालं. मग अब्बांच्या चपला वाजल्या तेव्हा मी वही का झाकली?

अब्बांच्या हाताचा फोटो कर्जतच्या डॉक्टरांनी काढला. म्हणाले, हाड, शीर, सगळं उत्तम. अब्बा म्हणाले, मशीन जुनं असणार. फुफी म्हणाली, "तुझ्या अब्बाचा हात मोठा शहाणा आहे." तिच्या बोलण्याचा अर्थ मला कधी कधी लागत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

परत उचलली. तोच पट्टा, दुसऱ्या बाजूशी जुळवायला पुन्हा उसवला. आता दोन्ही बाजू आरशात पाहिल्यासारख्या दिसतात. खोगीर इतकं देखणं झालं आहे की मी त्याच्याकडे बघत जेवले.

१३ सप्टेंबर, शनिवार

उद्या परीक्षा! पावसाळाभर रोहिदासकाकांनी गुलछडीला खालीच ठेवलं आहे, दहिवलीच्या पलीकडच्या वाडीत. पहिलं खोगीर तिच्या पाठीवर टाकून बघायचं. संध्याकाळी झूल टाकली. मग उचलली. पट्टा पुन्हा थोडा उसवून शिवला, शेवटचा टाका दुहेरी घातला. आता मात्र अगदी खात्री आहे. आज झोप लागणं कठीण, पण ते आनंदामुळे.

१४ सप्टेंबर, रविवार

तुटला.

तंगाचा पट्टा तुटला.

सगळं नीट लिहिते. गुलछडी करड्या रंगाची आहे आणि भलती मानी. खोगीर चढवताना तिने कान मागे केले, पण चावली नाही. रोहिदासकाका म्हणाले, "गादी मऊ हाय पोरी, मलाच हिच्यावर निजावंसं वाटतं." मी हवेत होते. ते स्वार झाले, वाडीच्या मैदानात दोन फेऱ्या संथ मारल्या. तिसरीला त्यांनी टाच मारली आणि कापड फाटावं तसा आवाज झाला. खोगीर एका बाजूला घसरलं आणि काका भाताच्या बांधावरून थेट चिखलात.

लागलं नाही. अल्लाचे आभार, लागलं नाही. काका उठून बसले, तोंडातला चिखल थुंकला आणि म्हणाले, "पोरी, फ्रॉकच बरा व्हता."

सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला आणि रडले. काकांची बायको, छायाकाकू, मला पाणी देत काकांना म्हणाली, "दर पावसाळ्यात तू एकदा पडतोसच. आज पोरीच्या नावावर खपवतो का?" पण काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "मी पडलो त्याचं काय नाय. पण वर माथेरानला आमच्या खोगिरावर लोकांची लेकरं बसतात. दरीच्या कडेनं जातात. असलं मी चढवनार नाय. दसऱ्याला अजून टाइम हाय. बघ तुला काय जमतं ते. नायतर सरळ सांग."

त्यांचं बरोबर आहे. म्हणूनच जास्त लागलं.

चूक माझी, आणि ती काय तेही मला कळलं आहे. मी पुरेसं तपासलं नाही. तीनदाच बघितलं. यापुढे प्रत्येक पट्टा पाचदा उसवून बघेन. बाकीच्या पाचही खोगिरांचे पट्टे शिवून झाले आहेत, ते सगळे उद्याच उसवते.

१५ सप्टेंबर, सोमवार

उसवायला बसले होते. पहिल्याच टाक्याला अब्बांनी हात धरला.

"तुटलेला पट्टा दाखव."

मी दिला. दारातल्या उजेडाला धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग पट्टा माझ्या डोळ्यांसमोर धरला. शिवणीच्या रेषेत भोकाला लागून भोक, त्याला लागून भोक, आणि त्यातून दिसणारं आभाळ.

"हे किती वेळा उसवलंस?"

"तीनदा."

"का गं?"

"तिरका होता. केसाएवढा."

अब्बांनी भोकांवरून अंगठा फिरवला. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "पोस्टाची तिकिटं केलीस की गं! तिकिटं कशी फाडतात? भोकाभोकानं. घोडा काय पत्र हाय तिकीट लावायला?" आणि ते इतके हसले की फुफी पदराला हात पुसत बाहेर आली. मला वाटलं जमिनीत जावं. मग मीही हसले, कारण खरंच ते तिकिटांसारखं दिसत होतं.

हसून झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "कापड उसवलं तर परत शिवता येतं. चामड्याचं भोक बुजत नाय. तिरक्या टाक्यानं कोण पडत नाय, नमिरा. सतरा भोकांनी पडतो." मग त्यांनी झुलीकडे बघितलं. "ही मी का टाकतो, काय वाटलं तुला? धुळीसाठी?"

"हो," मी म्हणाले. खरंच तसंच वाटायचं.

"संध्याकाळी दमलेल्या डोळ्याला सगळंच तिरकं दिसतं. त्या डोळ्यापासनं काम झाकायचं असतं."

मी जे लपूनछपून केलं ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी चामड्याचा तुकडा घेतला, आरी उचलली आणि एक भोक पाडून दाखवलं. हात जरासुद्धा हलला नाही. भोक इतकं नेटकं की आरी चामड्याने आपणहून आत घेतली असं वाटावं. एवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं, आरी खाली पडली आणि ते "आई गं, कळ आली" म्हणून मनगट दाबत बसले. माझ्यापायी त्यांना किती त्रास! यापुढे त्यांना आरीला हात लावू देणार नाही.

ठरलं ते असं. पहिल्या खोगिराचे पट्टे नवे कापायचे. बाकीच्या पाचांचे पट्टे एकदाही उसवले नव्हते, म्हणून ते शाबूत आहेत. एक भोक, एकदा. संध्याकाळी झूल, आणि झुलीखालचं सकाळपर्यंत कुणाचंच नाही.

लिहायला किती सोपं आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

सोपं नाही. काल झूल टाकली आणि हाताला खाज सुटल्यासारखं झालं. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत चारदा जाऊन आले. आत गेले नाही, पण जाऊन आले हे लिहायलाच हवं.

आज तर आत गेले. झुलीचं टोक हातात धरलं होतं. मागून फुफी आली. माझ्या हातातून टोक सोडवलं, झूल सारखी केली आणि पाय उचलून सरळ ओंडक्यावर आवळलेल्या खोगिरावर चढून बसली! गोधडीसकट, जपाच्या तसबीसकट. सत्तर वर्षांची माझी फुफी, पुढच्या खोलीत, खोगिरावर स्वार.

"पाटीला झोप लागली," ती म्हणाली.

"फुफी, उतर! पट्टा!"

"पट्टा धरला तर तुझं काम बरोबर. तुटला तर मी पडेन, तू बघशील. कसंही झालं तरी तपासून होईल." आणि तिने तसबी ओढायला घेतली.

अब्बा नमाजहून आले तेव्हा ती तशीच बसलेली. "कुठं निघाली आपाची स्वारी?" त्यांनी विचारलं.

"माथेरानला. तिकिटं तुझ्या लेकीनं काढलीत."

हे आता या घरात वर्षभर चालणार.

मी गादीवर पडल्यावर लक्षात आलं की तासभर मला पट्ट्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

२२ सप्टेंबर, सोमवार

दोन खोगिरं पूर्ण, तिसऱ्याची गादी भरून झाली! समोरच्या भागूबाईंकडे आज घट बसले. त्यांनी विचारलं, "नमिरा, हल्ली रोज दिवेलागणीला काय बडबडतेस गं? माझ्या नातवानं ते पाठ केलं. दप्तर मिटताना म्हणतो, घोड्याचं घोड्याला."

एक नवीन गोष्ट झाली आहे. झूल टाकायची वेळ ठरलेली आहे म्हटल्यावर दिवसा मला घाई होत नाही. आधी कसं, काम संपतच नसल्यामुळे सगळा वेळ ते अंगावर. आता संध्याकाळी ते माझ्याकडून काढून घेतलं जाणार, म्हणून सकाळी त्याच्यावर झडप घालते. आज सकाळी झूल काढताना ईदच्या सकाळसारखं वाटलं. आणि कालचा टाका, जो मला झूल टाकताना नक्की वाकडा वाटला होता, तो सकाळी सरळ होता. रात्रीतून सरळ झाला असणार नाही. म्हणजे माझे डोळेच.

मग इतकी वर्षं संध्याकाळी स्वतःबद्दल जे जे वाटत आलं तेही?

यावर नंतर विचार करीन. उद्या चौथ्याचं चामडं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

झुहेबभाई जुम्म्याला आला आणि येताना मोजायची टेप आणली. मोबाईलवाल्याला काचेच्या कपाटाचं माप हवं म्हणे. मी आरी घेऊन बसले होते, म्हणाले, "भाई, टेप लाव, पण माझ्या अंगावरून. मी उठणार नाही."

"अगं, मी तुझ्याच भल्याचं बघतो. हे काम किती दिवस? वर आता ई-रिक्षा चालतात."

"ई-रिक्षाला पण सीट असते," अब्बा आतून म्हणाले.

भाई हसला. मग तिसऱ्या खोगिरावर हात फिरवत उभा राहिला. लहानपणी तो अब्बांच्या बाजूला बसायचा. त्याला हे काम जमत नव्हतं, दोन वेळा दाभण तळव्यात घुसलं, मग तो बसेनासा झाला. आज म्हणाला, "अब्बांसारखंच झालंय." टेप खिशात टाकली. माप घेतलंच नाही. दसऱ्यापर्यंत, असं मात्र बोलून गेला.

अब्बांनी सगळ्यांना सीताफळं दिली. भाईने आणलेलं गॅसचं सिलिंडर आत नेलं, खांद्यावर. मी धावले तोवर ठेवूनही झालं. "डाव्या हातानं उचललं," ते म्हणाले. मला उजवा दिसला, पण संध्याकाळ होती, आणि संध्याकाळच्या डोळ्यांवर भरवसा नाही हे आता मला माहीत आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

सहावं झालं!!

दुपारीच झालं. अजून उजेड होता, हात गरम होते, आणि सहाही खोगिरं भिंतीला ओळीने. आणि मला माझा जुना आजार आठवला. आता एकदा सगळं पहिल्यापासून बघून घेऊ. वेळ आहेच. पहिल्याच्या बैठकीची ती चुणी, ती अजून आहे. नुसती एका कडेने उसवली तर...

आरी हातात होती. अब्बा दारात नव्हते, फुफी नव्हती. कुणी बसणार नव्हतं खोगिरावर.

दाभण पुसलं. मेणात खोचलं. डोळे मिटून एकेका खोगिरावरून हात फिरवला. चुणी हाताला लागली. ती तिथे आहे, आणि तिथेच राहील. मग झूल. एक झूल सहांना पुरेना, म्हणून फुफीची गोधडी आणि माझी चादरही टाकली. उन्हं होती तरी मोठ्याने म्हटलं. आणि उरलेली दुपार मी उल्हास नदीच्या काठी जाऊन काहीही केलं नाही. दगड मारले पाण्यात. एवढा रिकामा हात मला कधी माहीतच नव्हता. किती हलका असतो!

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

क्रमाने लिहायला हवं, पण क्रम राहत नाही आहे.

सहाही चढली!

पहाटे टेंपोने दस्तुरीला गेलो, मी आणि अब्बा. घोडे न्हाऊन उभे, कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडू. गुलछडीने आपल्या माळेतली चार फुलं आधीच खाल्ली होती आणि छायाकाकू तिला शिव्या देत होती. रोहिदासकाकांनी पहिलं खोगीर उचललं, उलटं केलं, पट्टा दोन्ही हातांनी धरून त्यावर पाय देऊन ओढला. मग दुसऱ्या बाजूचा. पट्टा तुटला नाही! कर्रर्र वाजला आणि राहिला.

"ही चुणी कसली?" काकांनी बोट ठेवलं. बरोबर तिथेच!

तोंडात दहा खुलासे आले. मी म्हणाले, "चुणी आहे."

"बरं," काका म्हणाले, आणि खोगीर चढवलं.

ते स्वार झाले. लाल मातीच्या वाटेने संथ गेले, वळले आणि येताना टाच मारली. गुलछडी उधळल्यासारखी आली. झेंडू उडत होते, माती उडत होती, आणि खोगीर तिच्या पाठीला असं धरून की ती त्याच्यासकटच जन्मली असावी. काका आमच्यासमोर थांबले. उतरायच्या ऐवजी खाली वाकून म्हणाले, "खलीलभाय, फ्रॉक रद्द. बाकीची खोगिरं दिवाळीनंतर धाडतो. हिच्याकडं. तुमच्याकडं नाय."

"माझ्याकडं कशाला?" अब्बा म्हणाले. "माझा हात कुठं चालतो?"

मग छायाकाकूने आपल्या लेकीला, पाच वर्षांच्या रूपालीला, उचलून त्या खोगिरावर बसवलं. माझ्या खोगिरावर. त्याच वाटेने नेणार होते तिला. माझे पाय आपोआप पुढे गेले. एकदा तंग बघू, एकदाच, बोट घालून. हात पट्ट्याला पोचला. गुलछडीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो पट्टा काकांनी आवळला होता, त्यांना तो माझ्यापेक्षा जास्त कळतो, आणि टाके माझे होते, सकाळच्या डोळ्यांनी घातलेले. मी हात पट्ट्यावरून उचलला आणि बैठकीवरून एकदा फिरवला. डोळे मिटून. म्हटलं, "घोड्याचं घोड्याला."

रूपालीने विचारलं, "काय म्हन्ली गं ही?"

"मंतर हाय तो," छायाकाकू म्हणाली. "चल."

आणि ती गेली. मी बघत राहिले नाही. खरं लिहायचं तर वळणापर्यंत पाहिलं.

खाली आलो तोवर झुहेबभाई घरी पोचला होता. त्याने मोबाईलवाल्याला माझ्यासमोरच फोन लावला, "खोली नाही रे जमत. चालू आहे इथं काम." पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण फुफी मला मिठी मारून कानात ओरडत होती.

आत्ता संध्याकाळ आहे. पुढची खोली रिकामी आहे, झाकायला कामच नाही. तरी अब्बा म्हणाले, आवरून घेऊ. मी माझं दाभण पुसून मेणात खोचलं. तेव्हा अब्बांनी सदऱ्याच्या खिशातून त्यांचं जुनं दाभण काढलं, जाड नेढ्याचं. मला वाटलं होतं ते पेटीत असेल. या हवेत न वापरलेलं लोखंड आठवड्यात गंजतं, पण ते लख्ख होतं, रोज कुणी पुसावं तसं. त्यांनी ते माझ्या दाभणाशेजारी खोचलं, उजव्या हाताने, अगदी नेढ्यापर्यंत. मग रिकाम्या पाटावरून तळहात फिरवला, सावकाश, सगळीकडे. पाटावर काही नसताना इतका वेळ कशाला लागला कोण जाणे. झूल मात्र त्यांनी माझ्या हातात दिली.

"तू टाक," म्हणाले.

त्यांनी बकरी ईदपासून काम केलं नव्हतं, मग दाभण खोचायचं काय कारण? सवय असणार. चाळीस वर्षांची सवय. उद्या विचारीन. आणि उद्या हातासाठी पनवेलच्या डॉक्टरांकडेही नेईन, मी कमवायला लागले आहे आता.

अजून खूप लिहायचं आहे. झेंडू खाणारी गुलछडी नीट आलीच नाही, आणि रोहिदासकाकांच्या बोलण्यातलं एक वाक्य मी चुकीचं लिहिलं की काय असं वाटतं आहे, वरची ओळ खोडून एकदा...

अजान झाली.

आपलं आपल्याला.